आधी वाळवण, मग सील

आगरला चिकूच्या वाड्यांत राहणाऱ्याला वाळवणाचा क्रम सांगावा लागत नाही. चिकूचे काप आधी उन्हात वाळवायचे, ते आक्रसले की पाकिटात सील करायचे. सीलबंद पाकीट उन्हात ठेवलं तर आतलं पाणी जाणार कुठून?

मी मात्र संगणकावर बरेच महिने हीच चूक करत होतो. बागायतदारांचे हिशेब, मजुरांची मस्टरं, करंड्यांच्या नोंदी मी सांभाळतो. रोज रात्री बॅकअप घेताना फाइल आधी एन्क्रिप्ट करायची, मग झिप करायची, असा माझा शिरस्ता. एकदा आकडे ताडून पाहिले, तर झिप मूळ फाइलपेक्षा थोडी मोठीच निघाली.

झिपचं कॉम्प्रेशन जगतं ते पुनरावृत्तीवर. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी 1977 साली मांडलेली युक्ती साधी आहे: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो न लिहिता 'इतकं मागे जा, इतकं उचल' एवढीच खूण ठेवायची. मस्टरात तीच नावं, तीच कामं रोज येतात. शिवाय यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट कायम एकच, दुसरा दोनांपैकी एक. आपली मराठी त्यामुळे छान आक्रसते.

एन्क्रिप्शन नेमकी हीच पुनरावृत्ती पुसून टाकतं. 2001 पासून प्रमाण ठरलेली एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत नीट वापरली, तर निघालेली फाइल निव्वळ विस्कटलेली दिसते. तिच्यात झिपला काही सापडलंच, तर कुलूप कच्चं म्हणायचं. काही सापडलं नाही की झिप सगळं तसंच ठेवतं आणि वर स्वतःच्या नोंदींचे बाइट चढवतं.

म्हणून आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन. अपवाद एक आहे, आणि तो गंभीर आहे. एन्क्रिप्शन मजकूर झाकतं, लांबी झाकत नाही. गुपिताशेजारी परक्याला आपला मजकूर घुसवता येत असेल, तर त्याचा अंदाज बरोबर आला की फाइल किंचित लहान होते आणि गुपित अक्षराअक्षराने फुटतं. 2012 च्या 'क्राइम' हल्ल्यात हेच दिसलं, आणि ब्राउझरांनी सुरक्षित जोडणीतलं कॉम्प्रेशन बंद केलं. माझ्या मस्टरात परका कुणी लिहीत नाही, तेव्हा तिथे ती भीती नाही.

सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड दिला की दोन्ही कामं योग्य क्रमाने होतात. तुमच्या बॅकअपचा क्रम आज रात्रीच तपासा, आणि एक फाइल परत उघडून बघा.