एक बेदाणा, पाच मिनिटं

उपचार संपले त्या दिवशी घरात शिरा झाला. "सुटलीस गं बाई!" म्हणून सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. सुटले, हे खरंच. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं होतं. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? माझी झोप उडाली ती त्यानंतरच! शाळेतले तीन तास घेऊन घरी आले की अंगात त्राण उरत नसे. पाठीत जरा चमक आली की मनात एकच : परत तर नाही ना? तपासणीची तारीख जवळ आली की आमटीत मीठ दोनदा पडायचं. घरचे सगळे एवढे खुशीत. सांगायचं तरी कुणाला?

शेवटी डॉक्टरीणबाईंपाशी बोलले. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. हा थकवा, ही भीती पुष्कळजणींना असते म्हणाल्या आणि आठ आठवड्यांच्या एका वर्गाला धाडलं. 'माइंडफुलनेस', म्हणजे सजगता. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखणाइतांसाठी हा क्रम सुरू केला. मुळं मात्र बौद्ध ध्यानात. म्हणजे आपल्याच घरची भाजी, परदेशी पातेल्यात!

पहिल्या दिवशी काय, तर एक बेदाणा! बघायचा, हुंगायचा, मग पाच मिनिटं घेऊन सावकाश खायचा. मला हसूच आलं. तव्यावर पोळी असताना ओट्याशी उभ्या उभ्या जेवणारी मी!

खरी कसोटी पुढेच होती. रोज उताणं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष न्यायचं. माझं लक्ष पोटापर्यंत छान यायचं आणि तिथून थेट गळ्यावर उडी! मधला भाग मी गाळत होते. आंघोळीच्या वेळीसुद्धा वर्षभर तिथे पाहिलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात तिथे थांबले. व्रण ताणलेला, जरा बधिर, श्वासाबरोबर हलणारा. खूप रडले. पण आभाळ कोसळलं नाही.

यानं कर्करोग बरा होत नाही, बरं का. गोळ्या नि तपासण्या चुकवायच्या नाहीतच. चिंता आणि उदासी हलकी व्हायला मात्र मदत होते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही त्यासाठी याची शिफारस केली. माझी झोप अजून कधीमधी मोडते. मग पडल्या पडल्या श्वास नुसता बघत राहते.

परवा तपासणीच्या आदल्या संध्याकाळी यांनी विचारलं, "भीती वाटतेय?"

"वाटतेय," मी म्हटलं, आणि मेथी निवडायला बसले. हेही समोर येऊन बसले. मीठ त्या दिवशी एकदाच पडलं.