अर्धे राहिलेले वाचन

दारासुरम् येथील ऐरावतेश्वराच्या देवळात बलिपीठाला लागून काही दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात, अशी त्यांची ख्याती आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले हे देऊळ २००४ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. पायऱ्यांभोवती आता लोखंडी जाळी आहे. जतनाच्या दृष्टीने ते योग्यच म्हटले पाहिजे. परंतु ऐकण्यासाठी घडवलेली वस्तू आता केवळ पाहावी लागते. २०२५ च्या जानेवारीत पाहणीच्या कामाची तपासणी करण्यासाठी मी कुंभकोणम् भागात होतो. त्या जाळीपुढे उभा राहिलो तेव्हा हा विचार मनात आला, आणि त्याला कारण माझे स्वतःचे एक व्यसन होते.

ते व्यसन म्हणजे ऐकून पुस्तके वाचणे. दिवसभर फायली वाचून डोळे थकतात, दौऱ्यात गाडी हलते, आणि पन्नाशीनंतर बारीक अक्षरांशी वैर जडते. यामुळे गेल्या सात-आठ वर्षांत माझे बरेचसे वाचन कानांनी झाले. माझ्या पिढीला ही गोष्ट अगदी नवी नव्हती. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ वर्षभर चालले, त्याच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकतच आम्ही वाढलो. पुढे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांचे कथाकथन आणि वपुंच्या कॅसेट आल्या. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी ऑडिओबुक खिशातल्या फोनवर मिळू लागले. परगावी राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांची त्यामुळे मोठी सोय झाली. एरवी पुण्या-मुंबईहून कोणी आले की पिशवीतून चार पुस्तके येत, तेवढीच.

इतके ऐकल्यानंतर माझी काही मते बनली आहेत. ती वैयक्तिक आहेत, हे आधीच सांगतो.

पहिले मत असे की, लेखक स्वतः बोलतो तेव्हा पुस्तकाचा प्रश्नच उरत नाही. पु. ल. देशपांडे यांनी सादर केलेली ‘म्हैस’ किंवा ‘रावसाहेब’ ऐकल्यावर छापील पानेही त्यांच्याच आवाजात वाचली जातात. हा लाभ आहे तसा तोटाही आहे. त्या मजकुराला दुसरा आवाज देण्याचे स्वातंत्र्य मी कायमचे गमावून बसलो आहे.

दुसरे मत अर्थशास्त्राच्या ग्रंथांविषयी. लिब्रिवॉक्स या २००५ पासून चालत आलेल्या उपक्रमात स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती विनामूल्य मिळतात. तेथे मी ॲडम स्मिथचा १७७६ सालचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ ऐकला. एम.ए.ला परीक्षेपुरता वाचलेला ग्रंथ पस्तीस वर्षांनी कानांवर पडला, तेव्हा टाचण्यांच्या कारखान्याचे प्रकरण गोष्टीसारखे रंगले. मात्र चांदीच्या मूल्यावरील ते लांबलचक विषयांतर सुरू झाले की मला हमखास झोप लागे. केन्सचे १९१९ सालचे ‘इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’ घ्या. क्लेमांसो आणि विल्सन यांची शब्दचित्रे ऐकताना गाडी कार्यालयापाशी थांबली तरी उतरू नये असे वाटे. पण नुकसानभरपाईच्या प्रकरणातील आकडे सुरू झाले की एक आकडा ऐकेपर्यंत आधीचा विसरलेला असे. सांगण्याचा मुद्दा असा की, माणूस आणि प्रसंग कानांनी कळतात. कोष्टक डोळ्यांनीच पाहावे लागते. वरिष्ठांपुढे तोंडी सादरीकरण करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरे मत वाचकाविषयी, म्हणजे जो आपल्यासाठी वाचतो त्याच्याविषयी. एक गाजलेली पौराणिक कादंबरी मी दोन तासांनंतर सोडून दिली. वाचणारे गृहस्थ उत्तम नट असावेत. प्रत्येक वाक्यात ते रडत तरी होते किंवा गर्जत तरी होते, आणि उरलेली जागा पार्श्वसंगीताने भरली होती. श्रोत्यासाठी काहीच शिल्लक नव्हते. उलट साध्या, किंचित कोरड्या आवाजात वाचलेले पुस्तक मला अधिक भिडते. गती वाढवून दीडपट वेगाने ऐकण्याची सोय असते, तीही मी वापरत नाही. विराम हाही मजकुराचाच भाग असतो.

तंजावर ते कुंभकोणम् या रस्त्यावर मात्र मी कल्कींची ‘पोन्नियिन् सेल्वन्’ तमिळमधून ऐकत होतो. १९५० ते १९५४ या काळात साप्ताहिकात क्रमशः आलेली ही कादंबरी चोळांच्या दहाव्या शतकातली. तिच्यातले पळैयारै दारासुरमच्या अगदी जवळ आहे. माझे तमिळ कामापुरते. दहा वाक्यांतली चार निसटतात, तरी घोड्याच्या टापा आणि कारस्थाने समजतात. न कळणारी भाषा आवडीने ऐकत राहणे हा एक धडाच असतो, आणि तो त्याच दिवशी दारासुरमच्या गल्लीत मला पुन्हा मिळाला.

तेथे रेशमी साड्या विणणाऱ्यांची घरे आहेत. मागांच्या खटखटाटात घरातली माणसे जे बोलत होती ते तमिळ नव्हते. मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटे आणि लगेच हातातून सुटे. ही सौराष्ट्र भाषा. गुजरात-महाराष्ट्राच्या बाजूने शतकांपूर्वी आलेल्या विणकरांनी ती दक्षिणेत जपली आहे. तिला स्वतःची लिपी आहे. परंतु लिहिण्याची वेळ आली की बरेच जण तमिळ अक्षरेच वापरतात. आमच्या पाहणीच्या पत्रकात साक्षरतेचा रकाना असतो. कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणे ही सरकारी व्याख्या. मातृभाषेत अक्षर न येणारा विणकर तमिळमुळे साक्षर ठरतो. आणि जिला कथा, गाणी, व्रतांच्या कहाण्या तोंडपाठ आहेत अशी त्याची आजी निरक्षर ठरते. व्याख्या चुकीची आहे असे मी म्हणत नाही. मोजणीसाठी कोठे तरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेपलीकडे काय राहते याची जाणीव मोजणाऱ्याला असावी.

त्या संध्याकाळी कुंभकोणम् येथे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला घरी बोलावले. कुटुंब तंजावर मराठी. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर जी मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली, त्यांपैकी एक. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम् येथेच जन्मले, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितले. प्रशासनातल्या माणसाला ते सांगितलेच पाहिजे, असा त्यांचा भाव होता. त्यांच्या मातोश्री पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांना मराठी बोलता येते, देवनागरी वाचता येत नाही. घरातल्या सामानाची यादी त्या तमिळ लिपीत लिहितात. लहानपणी हरिकथा पुष्कळ ऐकल्या, असे त्या म्हणाल्या. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे आपले प्रकार एकोणिसाव्या शतकापासून रुजलेले आहेत. म्हणजे त्यांची मराठी कानांवरच पोसलेली होती.

मी मोठ्या उत्साहाने फोनवर पु. लं.ची ‘म्हैस’ लावली. आजी सौजन्याने ऐकत राहिल्या. पण हसू आले ते मलाच. एस.टी. आणि म्हैस त्यांना कळली. माणसांच्या बोलण्यातल्या लकबींवर जो विनोद उभा आहे, तो कळण्यासाठी ती माणसे आधी भेटलेली असावी लागतात. मी जरा ओशाळलो. फोन खिशात ठेवणार, तोच दुसरी एक फाईल आठवली.

येथे थोडे मागे जावे लागेल. माझी आई २०१९ मध्ये चेन्नईला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. आयुष्यभर ग्रंथालयाची वर्गणी न चुकवलेली बाई ती. मी तिला ऑडिओबुके लावून दिली. दोन दिवसांनी ती म्हणाली, ‘‘वाचणारा चांगला आहे रे, पण तो माझ्यासाठी थांबत नाही.’’ मग मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिला रविवारी वाचून दाखवू लागलो आणि इतर दिवसांसाठी ते वाचन ध्वनिमुद्रित करू लागलो. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंचे गद्य मुळात बोललेले गद्य आहे. त्याला वाचणारा फारसा लागतच नाही. सुरुवात चांगली झाली. पुढे बैठका आल्या, दौरे आले, संसदेच्या प्रश्नांची उत्तरे आली. टिळक घर सोडून निघून जातात तेथवर वाचून झाले आणि मग ‘पुढच्या रविवारी’ असे चालू राहिले. आई तेवढेच पुन्हा पुन्हा ऐके. पुढचे वाच, असे तिने कधी म्हटले नाही. तिचे त्यात समाधान आहे असे मी समजलो. २०२२ मध्ये ती गेली.

ती फाईल मी कुंभकोणम् येथे लावली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन सुरू झाले आणि आजींनी मान वर केली. ‘‘मडी,’’ त्या म्हणाल्या; सोवळ्याला इकडे मडी म्हणतात. मग त्या हसल्या, सुनेला आतून हाक मारली आणि स्वतःच्या आजीच्या मडीची हकीकत सांगू लागल्या. एके ठिकाणी ध्वनिमुद्रणात माझ्या आईचा आवाज आला आहे, ‘‘हळू वाच.’’ ही कोण, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. तासाभराने टिळक निघून गेले आणि फाईल संपली.

‘‘मग तो परत आला का?’’ आजींनी विचारले.

माझ्याजवळ उत्तर होते; टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, हे दोन वाक्यांत सांगता आले असते. पण त्या क्षणी मला एवढेच सुचले की, आईने हा प्रश्न विचारला नाही याचे कारण तिला पुस्तक आधीच ठाऊक होते. माझ्याकडे वेळ नाही, हेही तिला ठाऊक होते. त्याला मी समाधान म्हटले होते. ‘‘पाठवतो,’’ एवढेच मी आजींना म्हणालो.

अधिकारी म्हणून दोन गोष्टी नमूद करतो. दृष्टिबाधितांसाठी पुस्तके श्राव्य स्वरूपात आणण्याची वाट २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने मोकळी केली आहे. याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की हक्काचा प्रश्न राहत नाही. म्हणजे आपले कितीतरी जुने गद्य आजच कोणीही वाचून ठेवू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जे काही होईल, त्यात थोडा वाटा आवाजाचाही असावा. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांची अवस्था कुंभकोणमच्या आजींपेक्षा फार वेगळी नाही. त्यांना मराठी कळते, अक्षरे अडतात. अक्षरे शिकवावीतच, परंतु तोवर कान रिकामे ठेवू नयेत. शासनाची वाट न पाहता घरात हे करता येते. फोन सर्वांकडे आहेत.

त्या रात्री विश्रामगृहात पंखा बंद करून मी पुढचे प्रकरण वाचले. पुस्तक फोनवरच उतरवून घेतले होते. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते, तेही त्यात आले आहेत. सकाळी फाईल पाठवली. तेव्हापासून दर रविवारी एक प्रकरण जाते. आजींचा मुलगा त्यांचा निरोप कळवतो: गेल्या खेपेस मी फार भरभर वाचले, अशी तक्रार होती. थोडी प्रकरणे उरली आहेत. नव्या फाईली मी आईच्या फाईलींच्याच पुढे ठेवत आलो आहे, क्रमांकही तोच चालू ठेवला आहे.