चुकलेल्या एकादश्या

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीच्या निमित्तानें ऑस्ट्रियांतील लिंझ शहरीं असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें आम्हांस एक छायाचित्र धाडलें. त्यांत पाहण्यासारखें फारसें नव्हतें: एका खेड्यांतलें चर्च आणि त्याच्या भिंतीलगत फुलें वाहिलेलें एक साधें थडगें. सोबत एवढेंच लिहिलें होतें, “काका, तुम्हांला संतचरित्रांची आवड, म्हणून हें पाठवीत आहें.” त्या थडग्यावरून आमच्या घरांत जो वाद माजला, आणि त्या वादानें आमच्या आयुष्यांतील जी जुनी गोष्ट वर काढली, ती आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

तें थडगें फ्रांट्स येगरश्टेटर नांवाच्या एका शेतकऱ्याचें. जर्मनीच्या सीमेलगतचें सांक्ट राडेगुंड हें त्याचें गांव, आणि १९०७ हें त्याचें जन्मवर्ष. तारुण्यांत तो कांहीं विरक्त पुरुष नव्हता. गांवांत पहिली मोटारसायकल आणणारा म्हणून त्याची ख्याति होती. १९३६ सालीं फ्रांत्सिस्का या भाविक मुलीशीं त्याचा विवाह झाला आणि त्याच्या मूळच्या श्रद्धेस खोली आली. पुढें तो गांवच्या चर्चचा सेवेकरीहि झाला. १९३८ च्या मार्चांत हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि एप्रिलांत त्यावर लोकांचा कौल घेतला. साऱ्या गांवांत प्रतिकूल मत पडलें तें या एकट्याचें. गांवच्या कारभाऱ्यांनीं तेंहि दडपून सर्व मतें अनुकूल पडल्याचें वर कळविलें.

१९४० सालीं त्यास दोनदां सैन्यांत बोलाविलें गेलें. तो गेला, शिकला, आणि गांवच्या प्रमुखाच्या खटपटीनें शेतीवर परत आला. परंतु जें पाहिलें त्यावरून त्याचा निश्चय झाला, कीं हें युद्ध अन्यायाचें आहे, आणि येशूची भक्ति व या राज्याची चाकरी हीं दोन्ही एका मनांत नांदणार नाहींत. तो लिंझच्या बिशपांकडे, म्हणजे प्रांताच्या धर्माधिकाऱ्यांकडे, सल्ल्यास गेला. त्यांनीं सांगितलें, युद्धाचें पाप राज्यकर्त्यांचें, प्रजाजनाचें नव्हे. तूं आपली बायकामुलें पाहा. त्या दांपत्यास तीन मुली होत्या. १९४३ च्या मार्चांत तो छावणींत हजर झाला आणि हातांत शस्त्र घेण्यास त्यानें नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्यानें दाखविली, ती मानली गेली नाहीं. जुलैंत बर्लिन येथें लष्करी न्यायालयानें त्यास देहान्त शिक्षा फर्माविली, आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगांत त्याचा शिरच्छेद झाला. तिन्ही मुली तेव्हां सहा वर्षांच्या आंत होत्या. तुरुंगांत त्याजकडे त्यांचें एक छायाचित्र गेलें होतें. बाबा, लवकर या, अशा अर्थाची पाटी त्यांत मुलींच्या हातीं होती.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं ही हकीकत घरांत सांगितली. आमच्या सूनबाई स्वभावानें स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, “बाबा, मला नाहीं हें पटत. एका शेतकऱ्यानें बंदूक घेतली नाहीं म्हणून युद्ध थांबलं का? तीन लेकरांना उघड्यावर टाकणं हा कुठला धर्म?”

प्रश्न रास्त होता. युद्ध थांबलें नाहीं, हें तर उघडच आहे. फ्रांत्सिस्काचे हालहि कमी झाले नाहींत. नवऱ्यास तिनेंच बिघडविला असें गांव म्हणे, आणि लढाईंत पडलेल्यांच्या विधवांस मिळणारें वेतन तिला १९५० पर्यंत नाकारलें गेलें. तरी आम्ही त्या शेतकऱ्याची बाजू हिरिरीनें मांडूं लागलों. द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या वेळीं सभेंत भीष्मांसारखे ज्ञाते बसले होते, आणि धर्म फार सूक्ष्म आहे, एवढें बोलून ते स्वस्थ राहिले. बिशपांचें उत्तर त्याच जातीचें. त्या सभेंत उठून बोलला तो कौरवांतला विकर्ण. परंतु तोच विकर्ण पुढें कुरुक्षेत्रावर दुर्योधनाच्या बाजूनें लढला व पडला. हा शेतकरी विकर्णाच्याहि एक पाऊल पुढें गेला, असें आम्हीं मोठ्या आवेशानें प्रतिपादिलें.

आमच्या सौ. आतांपर्यंत वाती वळीत होत्या. मान वर न करतां त्या सूनबाईंस म्हणाल्या, “तिनं त्याला आधीं समजावलंच असेल ग. पण सगळे एका बाजूला झाल्यावर त्याच्या बाजूला कुणी तरी नको का?” पुढें आमच्या वाचनांत आलें, कीं फ्रांत्सिस्काबाईंनींहि उत्तर वयांत जवळजवळ हेंच सांगितलें होतें. मग आमच्याकडे पाहून सौ. हळूच म्हणाल्या, “गुरुजींच्या वेळीं तुम्ही काय म्हणालां होतां, आठवतं?”

आठवत होतें. १९७५ च्या जूनांत आणीबाणी जाहीर झाली, तेव्हां आमच्या लग्नास वर्षहि झालें नव्हतें. शेजारीं एक वृद्ध शिक्षक राहत. सारी आळी त्यांस गुरुजी म्हणे. दर एकादशीस त्यांच्या घरीं भजन होई आणि पेटीवर आम्ही बसत असूं. नोव्हेंबरांत गुरुजी सत्याग्रह करून येरवड्यास गेले. पुढल्या एकादशीस आम्ही गेलों नाहीं. त्याच्या पुढल्या एकादशीसहि नाहीं. जाऊं नका, असें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. ना पोलिसांनीं, ना आमच्या वरिष्ठांनीं. सौ. नीं विचारलें तेव्हां आम्ही उत्तरलों, “घरांत म्हातारीं माणसें आहेत, धाकट्याचें शिक्षण व्हावयाचें आहे.” बिशपांचा उपदेश आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हता; तो आम्हीं आमचा आम्हांसच केला.

सौ. मात्र गेल्या. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी डब्यांत घालून त्या मागल्या दारानें जात, आणि आमच्या मातोश्री सारें जाणून तुळशीपाशीं उगाच रेंगाळत. गुरुजींच्या पत्नी, दोन म्हातारे वारकरी आणि आमच्या सौ. एवढ्यांचें भजन पेटीवांचून चाले. भिंत सामाईक असल्यामुळें टाळांचा आवाज आम्हांस आमच्या खोलींत ऐकूं येई. अशा तीसाहून अधिक एकादश्या गेल्या.

या दोन गोष्टी एका मापानें मोजण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाहीं. तेथें मान जाण्याचा प्रसंग होता. येथें फार तर नोकरीवर गदा आली असती, आणि बहुधा तीहि नाहीं. पण आम्हांस टोंचतें तें हेंच. त्या शेतकऱ्यानें देवाचें नांव सोडावें म्हणून एक सारें साम्राज्य त्याच्या उरावर बसलें होतें; आम्हीं देवाचें भजन सोडलें तें कोणीहि न सांगतां. राज्यकर्त्यांस प्रत्येक दारावर शिपाई उभा करावा लागत नाहीं. पुष्कळ दारांआड आमच्यासारखा गृहस्थ स्वतःच शिपाई होऊन बसतो, आणि त्या पहाऱ्यास कर्तव्य म्हणतो.

१९७७ च्या मार्चांत गुरुजी सुटून आले. पहिल्या एकादशीस आम्ही त्यांच्या उंबऱ्याशीं घुटमळत उभे राहिलों. ते पुष्कळ वाळले होते. “या,” ते म्हणाले, “पेटी धूळ खात पडली आहे.” आम्ही आंत जाऊन बसलों. त्यानंतर बारा वर्षें ते होते, पण त्या एकादश्यांविषयीं त्यांनीं एका अक्षरानें विचारलें नाहीं. विचारलें असतें तर आम्हीं कारण सांगितलें असतें. आणि तें कारण खोटें नव्हतें. घरांत म्हातारीं माणसें खरोखरच होतीं.

फ्रांत्सिस्काबाई शंभर वर्षें जगल्या. २००७ सालीं लिंझच्या मुख्य चर्चमध्यें त्यांच्या नवऱ्यास धन्य पुरुष म्हणून गौरविलें गेलें, तेव्हां चौऱ्याण्णव वर्षांच्या त्या बाई तेथें हजर होत्या. ज्या पीठाच्या बिशपांनीं त्यास परत धाडलें होतें, त्याच पीठाचें तें चर्च.

पुतण्यास उत्तर धाडावयाचें आहे. तेथें आमच्या नांवानें एक फूल वाहा, असें लिहूं म्हणतों, आणि गुरुजींची हकीकतहि कळवूं म्हणतों. सौ. नीं एकच बजाविलें आहे: “धाकट्या भावजींच्या शिक्षणाचं तेवढं लिहूं नका. त्यांना ठाऊक नाहीं. उगीच जिवाला लावून घेतील.” पण तें येथें लिहून झालेंच आहे, आणि हें मासिक बंधूंच्या घरींहि जातें.