कोणता हात आधी हलला?

माझ्या धाकट्या भावाला पहिली आकडी आली ती १९७१च्या पावसाळ्यात. तो चौदा महिन्यांचा होता आणि अंगात सणकून ताप होता. शेगावातले आमचे घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आजीने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवायला सांगितली, आईने महाराजांचा अंगारा लावला. पुढे सात वर्षांनी, तापाचा मागमूस नसताना, तो शाळेत कोसळला. महिन्याभरात पुन्हा कोसळला. अकोल्याच्या डॉक्टरांनी साधेच प्रश्न विचारले. ती पहिली आकडी किती वेळ टिकली? कोणता हात आधी हलला? डोळे कोणत्या बाजूला फिरले?

आजीच्या लेखी ती घटकाभराची ‘आकडी’ होती, काकूंच्या लेखी ‘मिरगी’. आई ‘फिट’ म्हणायची आणि अर्धी रात्र म्हणायची. वडिलांना एवढेच आठवत होते की सुरुवात झाली तेव्हा एक गाडी गेली आणि दुसरी गेली तरी ती थांबली नव्हती. हाताबद्दल चौघांची चार मते. एकाच रात्रीचे चार पाठ आमच्या हाती होते आणि मूळ प्रत हरवली होती.

त्या प्रश्नांचे महत्त्व मला फार उशिरा कळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात आकडी येणे तसे विरळ नाही आणि अशा बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. मात्र आकडी अर्धा तास वा अधिक लांबली, तर मेंदूच्या नाजूक भागाला इजा होण्याचा धोका असतो. मग काही वर्षे सारे शांत असते आणि त्यानंतर विकार डोके वर काढतो. जन्मजात नसलेल्या, अशा इजेतून जडलेल्या अपस्माराला अर्जित अपस्मार म्हणतात. मधल्या शांत काळात देऊन तो टाळता येईल असे सर्वमान्य औषध अजून हाती आलेले नाही. त्याचा शोध उंदरांच्या पिल्लांवरही चालतो.

माझी मुलगी औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्यापुढे काही तक्ते पसरलेले होते. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी आणि अमेरिकन एपिलेप्सी सोसायटी या दोन संस्थांच्या संयुक्त गटाने अशा प्रयोगांसाठी सामाईक नोंदपत्रके सुचवली आहेत. २०१८पासून ती प्रसिद्ध होत आहेत. पिल्लाचे कूळ कोणते, नर की मादी, वय किती दिवसांचे, वेतात पिल्ले किती, आईपासून किती वेळ दूर ठेवले, शरीराचे तापमान किती, झटका केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला, अशी ती घरे. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत एकेका दिवसाने फरक पडतो, म्हणून ‘लहान पिल्लू’ असे लिहून भागत नाही. झटक्याची तीव्रता मोजण्यासाठी रेसीन यांची १९७२ची पाच पायऱ्यांची श्रेणी रूढ आहे. पण ती प्रौढ उंदरांवरून बेतलेली. तिच्या वरच्या पायऱ्यांत उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो आणि पडतो. ज्या पिल्लाला अजून धड उभेच राहता येत नाही, त्याला ती कशी लावायची? ते पोहल्यासारखे पाय मारते. म्हणून चित्रफीत आणि मेंदूचा विद्युत आलेख दोन्ही जोडीने पाहावे लागतात.

साहित्याच्या माणसाला प्रमाणीकरण या शब्दाचा धसका असतो. एकाच मापाचा अंगरखा सगळ्यांना चढवला की व्यक्ती नाहीशी होते, असे मी वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. पण ते तक्ते पाहताना मला आठवले ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम. वि. स. सुकथनकरांच्या पद्धतीत पाठ जुळवण्याच्या कागदावर चौकोन आखलेले असत आणि एकेका चौकोनात एकेक अक्षर. निरनिराळ्या हस्तलिखितांतले फरक त्या त्या अक्षराखाली उतरवले जात. चौकट सर्वांना एकच होती, म्हणूनच प्रत्येक प्रतीचे वेगळेपण डोळ्यांना दिसे. मुलीच्या तक्त्यांचाही हेतू याहून वेगळा नव्हता. सर्व प्रयोगशाळांनी एकच प्रयोग करावा असा त्यांचा आग्रह नाही. जे केले ते सर्वांनी एकाच भाषेत नोंदवावे, एवढेच मागणे आहे. तसे झाले नाही तर दोन निष्कर्ष शेजारी ठेवून तपासता येत नाहीत आणि त्यांपायी गेलेल्या मुक्या जिवांचे मरण निव्वळ वाया जाते.

भाऊ आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. पूजासाहित्याचे छोटे दुकान चालवतो, दोन वेळा न चुकता गोळ्या घेतो. आठवीत शाळा सुटली ती आकडीमुळे नव्हे, पोरांच्या चिडवण्यामुळे. त्या संध्याकाळी तो मुलीच्या शेजारी बसून तक्ता निरखत होता.

“काका, इथे प्रत्येक पिल्लाची वेळ मिनिट-सेकंदांत लिहावी लागते,” ती म्हणाली.

तो बराच वेळ त्या घरांवरून बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मंग माह्यं कोनीच लेहून ठेवलं नाही काय?”

त्या रात्री मी नऊ वर्षांचा होतो. जागा होतो, लिहिता येत होते, आणि भिंतीवर घड्याळही होते.