वाड्यांतील चूल

जुनें घर पाहावयास गेलेल्या माणसाची एक ठरलेली वाट असते. दिंडी दरवाज्यांतून वांकून आंत शिरावें, देवडीशीं क्षणभर थबकावें, चौकांत उभें राहून माडीकडे पाहावें, आणि खांबांवरील केळफुलाची नक्षी वाखाणून परत फिरावें. स्वयंपाकघर या वाटेवर कधींच लागत नाहीं. तें माजघराच्याही पलीकडे, अंधारांत असतें; शिवाय परक्याच्या स्वयंपाकघरांत डोकावणें आपल्याकडे सभ्यपणाचें मानीत नाहींत. परंतु घराचा इतिहास दिवाणखान्यांत असतो, हा समज मला अलीकडे खरा वाटेनासा झाला आहे.

माझ्या एका मित्राचा वाईस वाडा आहे. वाई हें गांवच असें कीं तेथें जुनेपणाचें कोणाला अप्रूप नाहीं. कृष्णेच्या घाटावरचें ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ सालचें, म्हणजे पानिपताच्या पुढच्याच वर्षाचें. जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटांत तेथला घाट दिसल्यापासून लोक तोही आवर्जून पाहावयास जातात. माझ्या मित्राच्या वाड्याला असें कांहीं नांव नाहीं. त्याच्या पूर्वजांनीं लढाया मारल्या नाहींत. त्यांनीं लढाया मारणाऱ्यांचे हिशेब लिहिले. त्यामुळें वाडा मध्यम बेताचा, एकाच चौकाचा, पण नीटनेटका आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक शनिवार-रविवार मी तेथें राहावयास गेलों होतों. मित्राच्या मातोश्री आतां ऐशींच्या पुढें गेल्या आहेत. गुडघे वांकत नाहींत, म्हणून त्यांना चुलीपुढें बसतां येत नाहीं. एरवीं त्या गॅसच्या शेगडीवर उभ्यानें दोघांपुरतें करतात. परंतु पुरणपोळीचा विषय निघतांच त्यांनीं आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशीं ओढून घेतली आणि आम्हां दोघां पिकल्या केसांच्या पुरुषांना चुलीपुढें बसविलें. शनिवारीं रात्रीं भरलीं वांगीं आणि भाकरी यांवर आमची परीक्षा झाली. मुलाची भाकरी पाहून काकू म्हणाल्या, “अरे, नकाशा नको काढूंस, भाकरी कर!”

रविवारीं पुरण. डाळ शिजली, वरचें पाणी निथळून वैलावर ठेवलें, कारण कटाच्या आमटीचा सारा जीव त्या पाण्यांत. डाळीच्या बरोबरीचा गूळ घालून मित्र ढवळीत बसला आणि दर पांच मिनिटांनीं “झालें का?” म्हणून विचारूं लागला. “उलथनें उभें राहतें का बघ,” एवढेंच उत्तर मिळे. शेवटीं उलथनें उभें राहिलें, वेलदोडा-जायफळ पडलें आणि पाटा धुऊन मांडला गेला. पुरणयंत्र फडताळांत होतें. त्या दिवशीं त्याला सुटी होती.

चुलीपुढें मांडी घालून बसलें म्हणजे घर निराळेंच दिसूं लागतें. जमिनींत बसविलेलें उखळ, भिंतींतील रिकामें बळद, पायांनीं झिजलेला उंबरठा हीं सारीं तेथूनच नीट दिसतात. पाट्याला अधूनमधून टाकी लावावी लागते, आणि दर टाकीबरोबर तो अंमळ पातळ होतो. त्या घरचा पाटा इतका पातळ झाला आहे कीं त्यावरून पिढ्या मोजाव्यात. वरच्या तुळया धुरानें कोळशासारख्या काळ्या झालेल्या, पण शाबूत. उलट दिवाणखान्यांतील एक नक्षीदार खांब वाळवीनें आंतून पोखरला आहे. रोजच्या धुरानें कीड दूर राहते, असें जुनीं माणसें सांगत. पाहुण्यांच्या कौतुकानें ती राहत नसावी.

त्या सकाळीं मित्रानें चुलीशेजारीं एक छोटा तराजू आणून ठेवला होता. आईनें मुठीनें जें जें दिलें, तें तो आधीं तराजूंत घाली आणि वजन वहींत टिपी. मीठ तीन वेळां दिलें गेलें. तिन्ही वेळां वजन वेगळें आलें. “नक्की कोणतें खरें?” असें त्यानें विचारलें. काकू म्हणाल्या, “कणीक निराळी, आमटी निराळी, आणि तिसऱ्यांदा तूं उगीच मागितलेंस.” त्यानें तिन्ही वजनें लिहून ठेवलीं.

या हिशेबीपणाचें कारण मला दुपारीं कळलें. दोघां धाकट्या भावांना वाटणी हवी आहे. एक पुण्यास असतो, दुसरा अमेरिकेंत. दोघांनाही वाड्याचा लळा आहे, पण कौलें शाकारण्याचा खर्च कोणासच झेपत नाहीं. वाटणीच्या कागदांत जागा, लाकूड, तांब्यापितळेचीं भांडीं, सगळ्यांची नोंद आहे. कोणाचाही दोष दाखवितां येऊं नये असा तो कागद आहे, आणि म्हणूनच तो वाचवत नाहीं.

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला; तट आणि दरवाजे उरले, आणि आज लोक तिकीट काढून ते पाहतात. त्या मानानें आमच्या मित्राच्या वाड्याचें भवितव्य बरें म्हणावें लागेल. सह्या झाल्या तर त्याचे केळफुलाचे खांब एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागांत उभे राहतील आणि पुन्हां मान पावतील. गिऱ्हाईक आधींच येऊन ते मोजून गेलें आहे. चुलीवरच्या काळ्या तुळईची किंमत मात्र त्यानें धरली नाहीं. मित्रानें ती स्वतःच्या वाट्यास मागून घेतली आहे. पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरांत ती कोठें ठेवणार, हें त्यानें अजून ठरविलेलें नाहीं.