तिसरे नाव

दर वर्षी २८ डिसेंबरला ख्रिस्तसभा निष्पाप बालकांचा सण पाळते. हेरोदाच्या आज्ञेने बेथलेहेमातील तान्हे मुलगे मारले गेले, ते शुभवर्तमान त्या दिवशी मिस्सामध्ये वाचले जाते. आमच्या बीड जिल्ह्यात ते ऐकताना मला परळी आठवते.

मे २०१२ मध्ये परळी वैजनाथ येथे डॉ. सुदाम मुंडे याच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी चार मुलींच्या आईचा मृत्यू झाला. डॉक्टर व त्याची डॉक्टर पत्नी फरारी झाली आणि जूनमध्ये शरण आली. वास्तविक 'लेक लाडकी अभियाना'ने तेथील गर्भलिंगनिदान २०१० मध्येच चव्हाट्यावर आणले होते. तरी ते दार उघडेच राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तिघांना १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. दोघे हे दांपत्य. तिसरा, त्या मृत स्त्रीचा पती.

या तिसऱ्या नावापाशी माझे मन अडखळते. हेरोदाला घरोघर सैनिक पाठवावे लागले आणि बेथलेहेमच्या आया आक्रोश करीत राहिल्या. येथे घरेच आपल्या पायांनी चालत गेली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. एका डॉक्टरच्या हातून एवढी दरी पडत नाही. २०२० मध्ये, जामिनावर असताना, तो परळीतच पुन्हा दवाखाना थाटून बसलेला आढळला. रुग्ण येत होते, म्हणूनच ना!

हुंड्याची धास्ती मी जाणतो. नवराबायकोचा कोयता ऊसतोडीला निघाला की वयात आलेली लेक गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा घोरही खोटा नव्हे. परंतु मुलग्याचा हट्ट काही एकट्या गरिबाघरीच नांदत नाही, आणि तो बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही धुऊन निघत नाही.

१९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीवनाच्या सुवार्तेविषयी परिपत्रक काढले. गर्भपाताचा दोष एकट्या आईच्या माथी न मारता बाप, आप्त, मित्र यांच्याकडेही त्यांनी त्यात बोट दाखवले आहे. आमच्या धर्मग्रामात त्यावर प्रवचन झाले, तेव्हा मीच तो भाग भाविकांना वाचून दाखवला होता.

त्यानंतर काही वर्षांनी नात्यातला एक तरुण पत्नीसह ओसरीवर आला. पदरी दोन मुली, तिला पुन्हा दिवस गेलेले. "काका, उद्या तपासणीला जाऊन येतो," तो म्हणाला. कोठे, कसली, मी विचारले नाही. ती खाली मान घालून फरशीकडे पाहत होती. मी चहा मागवला आणि निघताना म्हणालो, "जपून जा."

दोन रविवारी ती मिस्साला दिसली नाही. तिसऱ्या रविवारी आली, रिकाम्या ओटीने. कोणी काही विचारले नाही, मीही नाही.

त्या दोघी मुली आता गायकवृंदात गातात. २८ डिसेंबरला त्यांची आई माझ्या पुढच्याच बाकावर बसते. शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की ती मागे वळून हात जोडते. मीही जोडतो, तिच्याकडे पाहणे मात्र मला अजून जमलेले नाही.