कारागिराची पाठ

हल्लीं मोठ्या शहरांतील कचेऱ्यांतून नोकरवर्गाच्या प्रकृतीची फार काळजी वाहिली जाते. कोठें योगासनांचा वर्ग, कोठें व्यायामशाळा, कोठें मनःशांतीवर व्याख्यान. आणि या साऱ्या थाटाला ‘वेलनेस’ असें भारदस्त नांव. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. दिवसभर खुर्चीला खिळलेल्या माणसानें चार सूर्यनमस्कार घातले तर त्यांत वाईट तें काय? पण हें नांव कानीं पडलें कीं माझ्या डोळ्यांपुढें येतात ते पेणचे गणपतीचे कारखाने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवधरांच्या घराण्यानें पेणेंत हा धंदा रुजविला आणि पुढें तो हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गांवीं पसरला. आपल्याला मूर्ति दिसते ती भाद्रपदांत, पाटावर बसलेली. कारखाना मात्र बहुतेक वर्षभर चालूं असतो. साच्यांतून मूर्ति काढावयाची, सांधे भरावयाचे, वाळल्यावर ती घासून गुळगुळीत करावयाची, मग रंग, आणि सर्वांच्या शेवटीं डोळ्यांची आखणी. प्लॅस्टरची मूर्ति घासतांना जी पांढरी भुकटी उडते ती कारागिराच्या भुंवयांवर, केसांवर आणि अर्थातच नाकाघशांत बसते. हीं सारीं कामें बहुधा जमिनीवर बसून, मान खालीं घालून होतात. श्रावणांत तर दिवस आणि रात्र यांतला भेदच उरत नाहीं.

आमच्या नात्यांतील एका गृहस्थांचा असा लहानसा कारखाना आहे. माणसें सात-आठ. मीं एकदां त्यांच्याजवळ प्रकृतीची गोष्ट काढली तेव्हां ते म्हणाले, “अहो, हीं घरचींच माणसें! आजारी पडलीं तर दवाखान्याचे पैसे मीच देतों कीं नाहीं?” देतात, हें खरें आहे. पण आजारी पडल्यावर देतात. आणि देतात तें त्यांच्या मर्जीनें. १९४८ च्या कायद्यानें आलेली राज्य कामगार विमा योजना दहांहून कमी माणसांच्या जागीं सामान्यतः लागू होत नाहीं. म्हणजे जेथें मालक व कामगार एकाच किटलींतला चहा पितात, तेथें कायदा उंबऱ्याबाहेरच थांबतो.

पेणेपासून तासाभराच्या अंतरावर रोहें आहे. तेथें धाटावच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर, १९८७ सालीं कारखाना-कायद्याला दुरुस्ती झाली. धोक्याच्या कामावर घेण्यापूर्वीं आणि पुढेंही ठराविक मुदतीनें कामगाराची वैद्यकीय तपासणी व्हावी असें ठरलें. एवढ्या मोठ्या अनर्थावांचून आपल्याला माणसाची छाती तपासण्याची बुद्धि होऊं नये, हें नवल खरें! याच जिल्ह्यांतल्या (तेव्हांच्या कुलाब्यांतल्या) गोरेगांवचे ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांसाठीं रात्रशाळा, वाचनालयें, दवाखाने चालविले. पण त्यांच्यापुढें होता तो प्रामुख्यानें गिरणींतला कामगार. पडवींत बसून सोंडेला रंग देणारा कोणाच्याच हिशेबांत नव्हता.

माझ्या बोलण्यानें म्हणा किंवा स्वतःच्या विचारानें म्हणा, आमच्या गृहस्थांनीं गेल्या वर्षीं माघांत नेत्रतपासणी ठेवली. सारे आले, आला नाहीं तो फक्त आखणी करणारा. वय पन्नाशीच्या पुढें, पाठीला किंचित् पोक. त्याला पाठीविषयीं विचारलें कीं तो हंसून म्हणे, “हंगामांत दुखायला तिला फुरसत कोठें?” परंतु डोळ्यांची गोष्ट निघाली कीं तो गप्प होई. कारण पुढें त्याच्या बायकोकडून कळलें. डोळ्यांना नंबर निघाला, तर आखणी दुसऱ्या तरुण हातांत जाईल, आणि आखणीबरोबर आखणीचा दरही जाईल, ही धास्ती. दोन वर्षें तो मूर्ति नाकाशीं धरून केवळ संवयीच्या बळावर बुबुळें रेखीत होता.

येथें मला त्या शहरी थाटाचें वर्म सांपडलें. तपासणी फुकट आहे एवढ्यानें कोणी डोळे दाखवीत नाहीं. दाखविल्यावर पोट जाणार नाहीं, ही हमी आधीं हवी. तें मीं आमच्या गृहस्थांना सांगितलें. ते थोडे रागावले (“मी काय त्याला काढणार होतों?”), मग विचारांत पडले, आणि सर्वांसमक्ष बोलले कीं नंबर निघो वा न निघो, आखणी त्याचीच व दर तोच. भुकटी उडूं नये म्हणून मूर्ति ओली करून घासण्याचा, आणि मान मोडूं नये म्हणून मूर्तीखालीं उंच चौरंग ठेवण्याचा परिपाठही त्यांनीं घातला. ओल्या घासण्यानें काम थोडें लांबतें, अशी कुरकुर अजून चालूं आहे.

यंदा आषाढांत गेलों तेव्हां आखणीवाला चौरंगापुढें ताठ बसला होता. नाकावर चष्मा. गिऱ्हाईक दारांत आलें कीं तो चष्मा काढून खिशांत ठेवी आणि तें गेलें कीं पुन्हां चढवी.